एक काना

शाहूपुरीत, शटर अर्धं खाली ओढून
मी लॅपटॉपवरचं बॅकअपचं सॉफ्टवेअर नवं करायला बसलो.
शकील बागवान फोनवर म्हणाला, "नेमगोंडदा,
जुन्याला कंपनीनंच हात वर केलेत.
नवं टाका, पण आधी जुना बॅकअप उघडतोय का बघा.
न उघडणारा बॅकअप म्हणजे
किल्ली हरवलेलं कपाट. नुसतं ओझं."

हार्डडिस्क माळ्यावर, खव्याच्या डब्यात.
महापुराच्या साली काउंटरवर पाणी चढलं,
तेव्हा प्रिंटर सोडला, कटिंग मशीन सोडलं,
उधारीची वहीसुद्धा सोडली,
हा डबा तेवढा डोक्यावर घेऊन
मी आणि इस्माईलभाई छातीभर पाण्यातनं निघालो.
पुढं तो, काठीनं गटाराची तोंडं चाचपत.
मागं मी.

डब्याला अजून खव्याचा वास येतो.

सतरा टक्क्यांवर येऊन थांबलं ते थांबलंच.
मी कागदाचे तुकडे झाडून काढले,
कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं,
अजून सतरा.
मग एकदम साठ, आणि यादी उलगडत गेली:
बारसं, वास्तुशांत, कुस्त्यांचं जंगी मैदान,
दूध संस्थेचं पॅनेल, चिन्ह कपबशी.
"अल्पशा आजाराने" एकदाच टाइप करून
किती घरांना पुरवलं आम्ही,
नाव तेवढं बदलायचं.

तपासणीसाठी कोणतीही एक फाइल परत आणा, असं आलं.
बोट पडलं ते
चौगुले लग्न फायनल फायनल दोन.

श्रद्धा चौगुलेच्या नावात एक काना जास्त पडला होता.
एक काना. लग्नाच्या पत्रिकेवर श्राद्ध.
सहाशे पत्रिका, कुंकू लावून झालेल्या,
पोरीच्या बापानं टेबलावर आपटल्या
आणि मी इस्माईलभाईकडं बोट केलं.
दोन बोटांनी टाइप करणारा माणूस,
चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली.
चूक कुणाची, हे विचारायची गरजच पडली नाही कुणाला.
तो गप्प राहिला. पगारातनं महिन्याला पाचशे कापले.
ईदचा महिनाही सोडला नाही मी.
पूर आला तेव्हा तीन हप्ते बाकी होते.
तेही कापले.

जुन्या सॉफ्टवेअरला शेवटची प्रत तेवढी दिसायची.
नवं तासातासाचं दाखवतं.

सायंकाळी सहा दहा, इस्माईलच्या लॉगिननं: श्रद्धा.
रात्री अकरा चाळीस, नेमगोंडच्या लॉगिननं: श्राद्धा.

आठवलं मग. फॉन्ट मीच बदलला होता त्या रात्री,
जरा नक्षीदार पाहिजे म्हणून.
नव्या फॉन्टात जोडाक्षर फुटलं,
ते मी हातानं जुळवलं.
माझ्याच हातानं.

अपग्रेड पूर्ण झालं. आता विचारतंय,
जुन्या आवृत्त्या काढून टाकू का,
एकशे बारा जीबी जागा मोकळी होईल.
खाली दोन बटणं. मी "नंतर" दाबलं.

इस्माईलभाई हल्ली सदर बाजारात, लेकीकडं असतो.
एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा राहिलाय.
अकराला फोन लावला. दुसऱ्याच रिंगला उचलला.
"जेवलास काय? का आजपण दुकानातच दिवस मावळला?"
"जेवलो," म्हटलं.
दिवस मावळल्यावर जेवत नाही मी, त्याला माहीत आहे.
"एक सांगायचं होतं," म्हटलं, "ती चौगुल्यांची पत्रिका..."

पलीकडं टीव्हीचा आवाज बारीक झाला.

"ती होय," तो म्हणाला.
"फॉन्ट देखणा निवडला होतास पण."