शिल्लक रजा

विल्होळीच्या पुढे, हायवे सोडून आत,
जिथे वळताना डंपर खडी सांडायचे
तिथे आता पावती फाडतात.
माणशी वीस, गाडीचे तीस,
ड्रोन असेल तर पाचशे.
वडलांनी विचारलं, कशाचे?
पोरगा म्हणाला, व्ह्यूचे, बाबा.
डावा कान त्यांचा इंजिनाने खाल्लाय.
त्यांनी 'विहिरीचे' ऐकलं
आणि मान डोलावली.

डिसेंबरची थंडी. कानटोपी, माझी जुनी शाल.
पाणी इतकं निळं की खोटं वाटावं,
तिन्ही बाजूंनी सरळ कापलेला काळा कातळ,
त्यावर सुरुंगाच्या भोकांच्या अर्ध्या नळ्या
बासऱ्या उभ्या चिरून ठेवाव्यात तशा.
एक मुलगी भाड्याचा लांबलचक लाल गाऊन सावरत
कठड्याशी उभी, होणारा नवरा
पाण्याकडे बोट दाखवतो, पुन्हा दाखवतो,
फोटोग्राफर म्हणतो, नॅचरल, अजून नॅचरल.
काका, जरा फ्रेममधून बाजूला.

वडील बाजूला झाले.
त्यांना सवय आहे.

फोडणारे वेगळे होते, भरणारे वेगळे,
वात पेटवून पळणारा भिमण्णा तर
सगळ्या खदानीचा हिरो.
पुंजाराम पंपवाला कुणाला आठवणार?
कातळातून रात्रंदिवस पाझरायचं
ते उपसून वर ओढ्यात टाकायचं, बस.
सकाळी माणसं उतरतील तेव्हा तळ कोरडा पाहिजे.
कोरडा असायचा,
म्हणून कुणी विचारायचं नाही.

झऱ्याला रविवार नसतो.
माझ्या बारशाला ते आले होते म्हणतात,
हाताला डिझेलचा वास,
पाळण्याची दोरी एकदा ओढली
आणि दुसऱ्या पाळीला परत.

त्या खडीचे स्लॅब पडले, रस्ते झाले.
ते म्हणतात, आपलं सिडको उचलून
इथं उपडं केलं ना,
तर बरोब्बर बसंल.

मग लीज संपली. मालकाचा निरोप आला,
उद्यापासून डिझेल नाही.
इंजिन त्यांनीच बंद केलं,
चिंधीने पुसलं,
आणि त्या रात्री आम्हा भावंडांना कळलं
की आपले वडील घोरतात.

लोक विचारतायत, एवढं पाणी आलं कुठून.
होतंच ते.
एक माणूस त्याला रोज नाही म्हणत होता.
आता मी कठड्याला टेकून बघते
तर मला त्यांची न घेतलेली रजा दिसते,
एकवीस वर्षांचे रविवार,
आजीचा दहावा, माझं गॅदरिंग,
आईच्या ऑपरेशनची ती गुरुवारची दुपार,
सगळं एकावर एक चढत
मधल्या टप्प्यापर्यंत आलेलं,
थंडगार,
आणि वर दोन पाणकोंबड्या.

टप्प्यावर लाल पत्र्याचं मोठं बदाम उभं केलंय,
आत उभं राहून फोटो काढायला रांग.
वडील रांग मोडून खाली वाकले.
बदाम ज्या सिमेंटच्या ओट्यावर ठोकलंय
त्याचे चार बोल्ट त्यांनी बोटांनी मोजले.
मग पालथा हात ओट्यावर ठेवला,
ताप बघतात तसा.
रांगेतलं कुणीतरी हसलं.
मी काही बोलले नाही.

सिक्युरिटीवाला कुणाला तरी सांगत होता,
पन्नास फूट खोल आहे, साहेब.
"ब्याण्णव," वडील म्हणाले.
मग माझ्याकडे बघून, हलक्या आवाजात,
"दोन इंजिनं लावली तर बारा दिवस.
तेरा धर. उत्तरेचा झरा लबाड आहे."

मक्याचं कणीस त्यांनी अर्धंच खाल्लं.
निघताना फाटकाशी थांबले.
"रात्री कोण असतं हितं?"
कुणी नाही, बाबा. सहाला बंद.
"मग पाण्याकडं बघतं कोण?"

पोरगा पावत्या मोजत होता.
त्याला पुन्हा पहिल्यापासून मोजाव्या लागल्या.