पन्नास शब्दांत

दर सात तारखेला फोन एकदाच थरथरतो.
नऊ हजार चारशे साठ.
तेव्हा मी बहुतेक तळोद्याच्या प्रांत कचेरीबाहेर
टेबलाच्या हलत्या पायाखाली
कसलातरी जुना कागद घडी करून घालत असते.

माझ्या वर्गातली मुलं पुण्यात
कंपन्यांचे करार वाचतात, थंड खोलीत.
मी वाचते वनहक्काचे दावे:
पूर्वेस नाला, पश्चिमेस साग,
उत्तरेस खात्याचा बुरूज,
दक्षिणेस आजाने राखलेला मोह.
फी म्हणून कधी भगर, कधी अंबाडी,
एकदा कोंबडा. तो धडगावच्या गाडीत
अख्खा घाट माझ्या मांडीवर आरवत आला.
बँक कोंबडा घेत नाही.

जामीनदार आई, शिरपूरला.
"तुनं कर्ज, मनी सही वं पोरी,"
म्हणते, आणि लगेच,
"जेवनी का?"

मग धुळ्याहून अर्ज आला.
कुणी एक म्हातारे वकील, मूलबाळ नसलेले,
जाताना पुस्तकांची कपाटं विकून निधी ठेवून गेले:
लोकांचं काम करणाऱ्या नव्या वकिलाचा
अर्धा हप्ता, तीन वर्षं.
अट एकच. इथून हलायचं नाही.

नाव: करुणा भटू बागूल. सोपं.
कर्जखाते क्रमांक: पाठ.
वार्षिक उत्पन्न: इथे पेन जरा लाजलं.
रकाना अकरा:
आपले काम लोकहिताचे कसे,
ते पन्नास शब्दांत लिहा.

लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं.
सारखा 'न्याय' यायचा मध्ये
आणि तो आला की वाक्य परक्याचं व्हायचं.
मी तर बहुतेक दिवस
झेरॉक्स काढते
आणि पुढची तारीख सांगते.

दुनकीबाई पावरा समोर बसलेली.
तिचा दावा अकरा वर्षांचा,
माझ्या वकिलीहून थोरला.
"तुझाबी दावा हाय?"
आहे, म्हटलं.
"नामंजूर करतील?"
करतील बहुतेक. पुरावा नाही ना माझ्याकडे.

ती हसली. दात दोनच, हसू मात्र तोंडभर.
मीच शिकवलं होतं तिला, पाड्यावर, चुलीपाशी,
की कागद नसेल तिथे
वडीलधाऱ्याची साक्ष चालते.
तिने शाईचा पॅड स्वतःकडे ओढला.
"लिही," म्हणाली,

"ही पोरगी चार पावसाळे इथेच होती.
नाला भरला तेव्हा चपला हातात घेऊन आली.
साहेब ओरडला तरी बसली नाही.
मी पाहिलं."

मी मोजले. वीसच भरले.
अंगठा रकान्याबाहेर गेला.
राहू दिला.

मंजुरी अजून यायची आहे.
धुळ्यातही एखादा कारकून असेलच,
त्रुटी काढेल: शब्दसंख्या अपुरी.
किंवा नाही काढणार.
वकील होते ते, त्यांना साक्ष म्हणजे काय
हे कपाटांआधी कळलं असेल.

आज सहा तारीख.
माझा हप्ता उद्या, दुनकीबाईची सुनावणी परवा.
टेबलाचा पाय पुन्हा हलतोय.
खाली घालायला कागद शोधते
तर हाताला लागतात
माझेच खोडलेले
पन्नास शब्द.
चार घड्या घातल्यावर
बरोबर बसतात.