नळ आठव्या दिवशी

बँकेतल्या पोराने विचारलं, पगाराची स्लिप?
म्हटलं, मशिनी आहेत,
दोन साध्या, एक पिको-फॉलची,
जूनमध्ये तीन शाळांचे गणवेश.
तो म्हणाला, आणि बाकीचे अकरा महिने?
उद्धट नव्हता. खरंच विचारत होता.

मग भिशी उचलली पहिल्याच महिन्यात,
दोन लाखांवर चौतीस हजार सोडून.
पतसंस्थेचे साडेपाच लाख, चौदा टक्क्यांनी,
जामीन दीर आणि दिराचा साडू.
राहिलं सोनं.
काउंटरवरच्या माणसाने पोत दगडावर घासली.
दगडावर उरलेली पिवळी रेघ
माझ्या हिशोबात की त्याच्या,
हे विचारायचं राहिलं.

युवराज अण्णांनी सांगितलं होतं, देवपुरात दोन खोल्या,
म्हातारा पुण्याला पोराकडे चाललाय, घाईत आहे.
घ्या, रंग मारा, सहा महिन्यांत विका,
दोन लाख कुठे गेले नाहीत.
दोन लाख खरंच कुठे गेले नाहीत,
ते आलेच नव्हते.

व्याज मी दिवसाचं काढलं: दोनशे अकरा रुपये.
म्हणजे रोज एक ब्लाऊज,
अस्तराचा असेल तरच.
रविवार धरून.

धुडकू मिस्त्रीने मोरीची फरशी उचलली
आणि बराच वेळ उकिडवा बसून राहिला.
"भीत पानी पियेल शे, वहिनी.
घर लेनं सोपं शे, उघाडनं वाईट."
पाइप बदलला. मग अर्धी भिंत.
मग भिंतीबरोबर दरवाजाची चौकट, कारण ती भिंतीनेच धरली होती.
नव्या प्लास्टरला रोज पाणी मारावं लागतं
आणि आपल्याकडे नळ येतो आठव्या दिवशी.
टँकर सहाशे. वहीत लिहिलं: पाणी, भिंतीसाठी.
माणसांसाठी कधी इतकं लिहिलं नव्हतं.

रोहिदास काही बोलले नाहीत.
फक्त रात्री पंखा एकावर ठेवू लागले.

गिऱ्हाइकं आली.
रंगाकडे कुणी पाहिलं नाही, मी चार दिवस निवडलेला.
सगळ्यांनी आधी टाकी वाजवून पाहिली.
एकाने घर घातलेल्या पैशाला मागितलं,
माझी वर्षभराची धावपळ वजा करून.
एक बाई उंबऱ्यावरच म्हणाली, दक्षिणेला आहे का हो?
होतं. काय करणार, गल्लीच तशी आहे.

तेव्हा भाड्याची पाटी लावली.
अण्णा म्हणाले, बघून द्या बरं का, कोण, कुठले.
आल्या त्या दोघी सिव्हिलच्या नर्स, गाव धडगावकडे,
आडनाव सांगताना थोरली थांबली
आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत म्हणाली, पावरा.
याआधी चार घरं "कालच दिली" होती.
मी पुण्य केलं नाही.
हप्ता पाच तारखेला होता, त्या दिवशी दोन होती.
किल्ली दिली.
नंतर वाटलं, दहा तारीख असती तर?
हा प्रश्न मी अजून कुणाला सांगितला नाही.

हप्ता दहा हजार तीनशे, भाडं साडेचार.
उरलेलं मशीन शिवतं.
धाकटी रात्रपाळीहून आली की नळ सुटायची वाट बघते,
पाणी आलं की पहाटे तीनला मेसेज टाकते:
काकू, टाकी भरली. मोरीशेजारी परत थोडी ओल दिसते.
"थोडी" हा शब्द तिने माझ्यासाठी घातला असावा.

काल अण्णांचा फोन. नकाण्याकडे एक आहे, रो-हाऊस, मालक घाईत.
हातात बेलपट्टी होती,
फोन खांद्याने कानाला दाबला, मान वाकडी.
विचारलं, नळ कितव्या दिवशी?
ओल कोणत्या भिंतीला?
अण्णा हसले. वहिनी, आधी किंमत तर ऐका.
म्हटलं, तीच ऐकतेय.