अर्धं ठाऊक

लेस्टरचं घर कुलूपबंद करून
सहा महिन्यांसाठी मी इथे आलेय, कॅटरिकला,
लेकीच्या क्वार्टरमध्ये, नातवाच्या शाळेपायी.
माळावर सरावाच्या तोफा वाजल्या की तावदानं थरथरतात.
ओजस म्हणतो, "आज्जी, त्या आपल्याच आहेत."
सहा वर्षांचं पोर मला धीर देतं.

लेक माझी लान्स कॉर्पोरल. मलमपट्टीवाली.
खांबेटे हे नाव कुणाच्या जिभेवर बसेना,
म्हणून पलटणीनं तिचं कॉम्बॅट करून टाकलं.
झुरळ दिसलं की खाटेवर चढणारी ही पोर!

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी आम्हाला हॉलमध्ये बोलावतात.
कॅप्टन ऑल्डरसन पहिल्यांदा आला
तेव्हा पडद्यावर नकाशा, बाण, हसरे फोटो:
सैनिक आणि गावकरी, सैनिक आणि बकरी.
"सगळं सुरळीत आहे," म्हणाला.
फिजीची लोसालिनी विणता विणता थांबली.
"मग माझा नवरा फोनवर इतकं हळू का बोलतो?"

पुढच्या खेपेला त्यानं नकाशा आणला नाही.
टोपी काढून बालवाडीच्या बुटक्या खुर्चीत बसला,
गुडघे हनुवटीपाशी.
"मला एवढं माहीत आहे.
एवढं माहीत आहे, पण सांगता येत नाही.
बाकीचं मलाही माहीत नाही."
त्या दिवशी कुणीतरी त्याच्यापुढे बिस्किटांचा डबा सरकवला.

लेकही तिकडे हेच शिकत होती बहुतेक.
निळ्या पातळ कागदावर लिहिते:
"आई, आधी काळा चष्मा काढायला शिकलो.
मग जमिनीवर बसायला. मला मांडी घालता येते
याचं इथल्या बायकांना केवढं नवल!
एक म्हातारी मात्र दार लावून घेते.
आम्ही विहिरीला पंप बसवला,
तरी ती लांबच्या ओढ्यावरूनच पाणी आणते.
म्हणते, तुम्ही जाल, पंप बिघडेल,
ओढ्याशी आत्ताच वाकडं कशाला घेऊ?"
वाचून मला ती म्हातारी आवडली.

फेब्रुवारीत एकदा फोन बंद पडले. सगळ्यांचे.
याचा अर्थ इथे शाळेतली पोरंही जाणतात:
कुणाला तरी लागलंय, किंवा त्याहून वाईट,
आणि कुणाच्या तरी घरी आधी कळवायचंय.
रस्ताभर पडदे ओढलेले,
प्रत्येक पडद्याआड एक डोळा.

तिसऱ्या सकाळी काळी गाडी वळली.
मी कणीक मळत होते.
बारा. चौदा. आमचं सोळा.
गाडी हळू झाली.
पुढे गेली.
विसापाशी थांबली.
"सुटले गं बाई!"
मोठ्यानं म्हणाले मी, रिकाम्या स्वयंपाकघरात.
वीस नंबरात लोसालिनी राहते.

ते शब्द कुठे ठेवायचे, मला अजून कळलेलं नाही.
कणकेचे हात तसेच घेऊन तिच्याकडे गेले.
तिनं ते धरले. बराच वेळ.
ऑल्डरसनचं सांगून झालं होतं, पण तो गेला नव्हता.
पाठमोरा उभा राहून कप विसळत होता,
तोच तोच कप.

रविवारी फोन लागला.
"आई, सगळं ठीक आहे."
लोसालिनीच्या नवऱ्याचं नाव तिनं काढलं नाही.
पट्ट्या कुणी बांधल्या असतील, मी विचारलं नाही.
म्हटलं, "तुझी ती म्हातारी कशी आहे?"

पलीकडे नुसता वारा.
मग म्हणाली, "काल दार उघडलंन. गुडघा सुजलाय.
मी औषध लावत होते, तर दुभाष्याकरवी विचारते,
तू इथे आहेस हे तुझ्या आईला ठाऊक आहे का?"
"मग?"
"म्हटलं, अर्धं."
"मग काय म्हणाली?"
"म्हणाली, माझाही मुलगा मला तेवढंच सांगतो."

तिचा मुलगा कुठे असतो,
हे आम्ही दोघींनीही बोलायचं टाळलं.
ओजसनं फोन ओढून घेतला.
त्याचा दात पडला होता,
आणि ती बातमी पूर्ण सांगण्यासारखी होती.