चॅनल चौदा

रात्री दहाला बंदराची कचेरी हवामान सांगते:
वायव्येचा वारा, लाटा दीड मीटर, पहाटे धुकं.
मग सांगणारा जांभई देतो, तीही ऐकू येते,
आणि चॅनल चौदा आमचं.

आम्ही सहा राखणदार.
चिलोएच्या खाडीत नांगरलेल्या सहा तरंगत्या खोल्या,
प्रत्येकीशेजारी जाळ्यात कोंडलेले लाखभर सामन मासे.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
जागतो की. सहा ते सहा.
पण इथलं मीठ उलटं, तेच खातं:
बिजागऱ्या, बॅटऱ्या, बोटांची पेरं.

"काय लावलंयस सध्या?"
वायरलेसवर गाणं वाजवायला बंदी आहे, परवाना जातो.
बोलायला बंदी नाही.
म्हणून आम्ही अल्बम सांगतो.

नोल्बेर्तोकडे पोलंडचा कुणी पियानोवाला आहे.
त्याचं नाव विचारलं की नोल्बेर्तो खोकतो
आणि म्हणतो, साधारण असं.
आउरिस्तेला अकरा दिवस एकच बाजू ऐकतेय,
दुसरी यंत्राने चघळून टाकली.
"बरंय," म्हणते, "नवऱ्याचीही एकच बाजू कळली होती."
एदेल्मिरा मुलाने पाठवलेलं ऐकते,
तीन गिटार आणि एक भांडण.
त्यातलं काही कळत नाही,
पण सान्तियागोत रात्री दोनला पोरगा जागा असतो, हे कळतं.
माझ्याकडे बंबवाल्यांच्या बँडची जुनी कॅसेट.
पाचव्या गाण्यात ट्रंपेटवाला घसरतो.
मी रोज तिथवर जातो, आज तरी सावरेल म्हणून.
सहावा कधी बोलत नाही.
बटण दोनदा दाबतो: टक, टक.
आवडलं, असा आम्ही अर्थ लावलाय.

आणि एलिएसेर.
त्याच्या अल्बमला शब्द नाहीत.
"आधी बराच वेळ काहीच नाही," तो सांगे,
"नमनालाच घडाभर शांतता.
मग खालून एक जाड सूर, ओढत आणल्यासारखा,
थांबतो, पुन्हा येतो.
त्यावर बारीक ठेका, मध्येच एखादी मात्रा गिळणारा.
तिसऱ्यात कुणीतरी श्वास सोडतं,
मोठा, ओला, अगदी जवळ,
पण वाजवणारे थांबत नाहीत."
कुणाचा आहे रे?
"पाकीट भिजलं. नाव पुसलंय."
सगळा हिवाळा आम्ही त्या अल्बमवर जीव टाकला.

ऑगस्टात त्याचं डिझेल संपलं.
दोन डबे होडीत घालून मी गेलो,
दोन रात्रींसाठी तो मागून आणावा
हेही मनात होतंच, खोटं कशाला बोलू.

खिडकीत त्याचा टेपरेकॉर्डर होता.
झाकण निघालेलं, आत गळ, दाभण, अर्धा कांदा.
बटणांवर गंजाचे पापुद्रे,
निदान तीन हिवाळ्यांचे.

त्याने चहाला पाणी ठेवलं. बराच वेळ काहीच नाही.
मग खाली नांगराची साखळी ताणली गेली,
जाड, ओढल्यासारखी, थांबली, पुन्हा.
पन्हाळीतून पत्र्याच्या डब्यात थेंब,
एक चुकला.
आणि खिडकीखाली समुद्रसिंह वर आला
आणि त्याने श्वास सोडला.

एलिएसेरने माझ्याकडे पाहिलं नाही.
साखर किती, एवढंच विचारलं.
दोन, म्हणालो. मी बिनसाखरेचा पितो.

त्या रात्री दहानंतर, जांभईनंतर,
एदेल्मिराने चिकाटीच धरली:
"पोराला वाढदिवसाला तोच पाठवायचाय. सांग ना, मिळतो कुठे?"
चॅनलवर नुसती खरखर.
"नाही मिळत," एलिएसेर शेवटी म्हणाला,
"थोड्याच प्रती काढल्या होत्या."
पुन्हा खरखर. कुणीतरी नाक ओढलं.

मी बटण दाबलं.
म्हणालो, माझ्याकडे आहे एक.
जरा घासलेली आहे,
तिसऱ्यातला तो श्वास
माझ्या प्रतीत थोडा उशिरा येतो.

टक, टक.