बोट दाखवायचं नाही

हुक्केरी मॅडमचा पहिला नियम:
खेळणाऱ्याच्या मागं उभी राहा,
हात पाठीशी बांध, तोंड बंद.
अडला तर अडू दे.
कुठं अडला, तेवढंच वहीत लिही.

क्लास खडेबाजारात, भांड्यांच्या दुकानावर.
खाली ठोकून ठोकून पितळेचे पोचे काढतात,
वर आम्ही सहाजण एका बटणाला
दोन पिक्सेल डावीकडं सरकवतो,
चहा पितो,
परत उजवीकडं.
मॅडम अर्धं कन्नडात सांगतात, अर्धं मराठीत,
आणि उरलेलं हातवाऱ्यात.

दुसरीत असताना मी बस ओळखायचो काचेवरून.
(आमच्यात पोरीही 'ओळखायचो'च म्हणतात,
पुण्याची माणसं वळून बघतात.)
बोर्ड कन्नडात, आकडासुद्धा कन्नडात,
मी मराठी शाळेतली.
येळ्ळूरच्या गाडीची पुढची काच तडकलेली,
वर चिकटपट्टीची फुली.
एक दिवस कुणीतरी काच बदलली
आणि फुली दुसऱ्याच गाडीवर दिसली.
मी सांबऱ्याला पोचलो.
विमानतळाच्या कुंपणाला धरून रडलो,
कंडक्टरनं शेंगा दिल्या.
मॅडम हे ऐकून हसल्या नाहीत.
"बरी. मोदल पानावर," म्हणाल्या.
लिही. पहिल्या पानावर.

आमचा गेम साधा आहे.
रात्रीच्या रानात एक मेंढरू हरवलंय,
कंदील घेऊन शोधायचं.
कोड मलिकजानचा, पडदा माझा.
मी पाच लाल काळजं काढली,
तेलाची पट्टी, नकाशा, घड्याळ, घुंगरांची मोजणी,
चारी कोपरे भरले लग्नपत्रिकेसारखे.
फक्त गणपती राहिला होता.

रविवारी वडगावात, आमच्या घरी,
माग बंद ठेवून आई खेळायला बसली.
शेजारची शांतव्वा तिच्या खांद्याला टेकून.
"हे लाल काय गे? दुखतंय काय त्याला?"
मी गप्प.
मग तिनं कोपऱ्यातलं दातेरी चाक दाबलं,
कारण कामाला बसायच्या आधी
चाकाला तेल घालायचं असतं.
आवाज कमी-जास्त करायचं पान उघडलं.
तिथून तिला बाहेर पडता येईना.
माझं बोट पाठीमागं वळवळत होतं,
दुसऱ्या हातानं धरून ठेवलं.
अकरा मिनिटं.
तरी मेंढरू सापडलंच.

"कसं सापडलं गे?"
"तुझ्याकडं बघून की.
काचेत तुझं तोंड दिसतंय,
चुकलं की तू ओठ चावतेस."

त्या रात्री वहीत एकच ओळ:
आईनं मला खेळलं.

नंतरचे तीन आठवडे मी पुसत होतो.
काळजं गेली. घड्याळ गेलं. नकाशासाठी भांडण झालं,
मलिकजान दोन दिवस बोलला नाही, तोही गेला.
तेल संपत आलं की उजेडच आकसतो.
वाट चुकली की घुंगरू एका कानात बारीक होतं.
हे मला सुचलं नव्हतं;
धागा तुटला की मागाचा ठोका बदलतो,
आई चुलीपाशी असली तरी
हातातलं पीठ झटकून उठते,
हे मी एकवीस वर्षं नुसतंच ऐकत होतो.

शेवटी एक शब्द उरला, बाहेर पडायच्या बटणावरचा.
कुठल्या लिपीत लिहायचा?
गावात यावरून दगड पडलेत.
मी एक दार काढलं, किलकिलं,
फटीतून आत आलेली उन्हाची पट्टी.

परवा शांतव्वा एकटी खेळली.
मी मोरीत उभा, दार लावून,
फक्त कान बाहेर.
नोंद अशी:
कुठंच अडली नाही.
मेंढरू सापडलं, आकाशात तांबडं फुटलं,
खेळ संपला, दार किलकिलं झालं,
ती उठली नाही.
पडदा चोळत राहिली अंगठ्यानं, मेंढराच्या पाठीवर,
आणि आईला हाक मारून विचारलं,
ह्याला पाणी कुठनं पाजायचं?

त्याला बटण नाही अजून.