छापील तक्ता

तक्ता हैदराबादहून छापून आला होता, सात रकान्यांचा.
नाव. बापाचं नाव. वय. धंदा.
तारीख. कसा मेला. साक्षीदार कोण.
दौत फुटू नये म्हणून उपरण्याच्या टोकात बांधली
आणि बैलगाडीनं, तेरणा ओलांडून,
कवठसावळीला उतरलो.

पौष. हुरडा भरलेला.
पाटलांनी चावडीवर सतरंजी टाकली.
"लिवा की साहेब. पर लिवता काय?
आमच्या गावात काई झालं न्हाई.
मुसलमान व्हते, ते गेले."
कुठं गेले?
"गेले."
एकानं पुढ्यात हुरडा ठेवला, गूळ, जवसाची चटणी.

मी खाल्लं.
तक्त्यात याला रकाना नाही, म्हणून इथं सांगतो.
खाल्लं, आणि गोड लागलं.

दुपारी कुलसूमबी आली, पिंजाऱ्याची.
वर या म्हणालो, सावलीत.
"नक्को, यहींच बैठती."
नाव?
"किसका?"
टाक पहिल्यांदा तिथं थांबला.

तिच्याकडे नावं होती आठ, आणि एक बिननावाचा.
"छुट्टन बोलते थे."
छुट्टन लिहिलं. वय, पाच दिवस.
धंद्याच्या रकान्यात रेघ मारली,
ती हातातून सुटून पार तारखेत गेली.

तारीख तिला सांगता येईना.
गणपती बुडवले त्याच्या चवथ्या दिवशी, म्हणाली.
आरतीच्या फुलवातींना कापूस
दरसाल त्यांच्याच घरून जायचा,
त्या साली पण गेला होता, पिंजून, पैसे न घेता.

कसा मेला, याला जागा बोटभर.
ती दिवस कलेपर्यंत बोलली.
मी लिहिलं, विहीर.
त्याखाली, सदर.
सदर. सदर.
आठ वेळा.

साक्षीदार?
"मैं," म्हणाली. "और वो."
बोट चावडीकडं.
चटणी वाढणारा पितळी विसळत होता.

मग मी बोलायला नको ते बोललो.
माझा नरहर, करोडगिरी नाक्यावर, वैशाखात,
रझाकारांनी. घरी आल्या फक्त वहाणा.
त्याच्यासाठी कुणी तक्ता छापला नाही, म्हणालो.
दुःखानं नाही सांगितलं, खोटं कशाला बोलू.
तिचे नऊ पारड्यात पडले होते
आणि मला दुसऱ्या पारड्यात काहीतरी टाकायचं होतं.

ती उन्हात डोळे बारीक करून बघत राहिली.
"माँ हैं?"
आहे.
"उनकू बोले, कैसा मरा?"
नाही.
"मग लिव," मराठीत म्हणाली.
"माज्या खाली लिव. कागद हाय का न्हाई अजून?"

नरहर दुसऱ्या तालुक्यातला, तारीख मुदतीच्या आधीची,
साहेब लाल शाईनं खोडणार, ठाऊक होतं.
तरी लिहिलं. दहावा.
वय एकवीस. धंदा, शिकवण्या.
कसा मेला, इथं अक्षर माझं राहिलं नाही,
आजही मला ते लागत नाही.
साक्षीदार.
कुणी नव्हतं.

तिनं अंगठा दौतीत बुडवला
आणि त्या कोऱ्या चौकोनात उठवला.

तिनं काही पाहिलं नव्हतं.
करोडगिरी नाका कुठल्या दिशेला, तेही तिला माहीत नव्हतं.
सबंध तक्त्यात खोटी साक्ष ती एवढीच
आणि मी ती खरी म्हणून खाली सही केली.

तक्ता वर गेला. पोच आली नाही.

निघताना गाडीवान बैलांना पाणी दाखवायला
वाट सोडून विहिरीवर गेला.
दोर नवाकोरा होता.
पाटलांच्या माणसानं मला तांब्या भरून दिला,
मी तो हातात धरून उभा राहिलो.
बैल प्याले.